झाडांची चमक आणि पोटापाण्याचा प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सी वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. झाडांची चमक उपग्रहावरून मोजायची आणि त्यावरून प्रकाशसंश्लेषणाचा अंदाज काढायचा, यातच पुढे शिकायचं असं तिनं ठरवलंय. झाडं चमकतात हे मी तरी आजवर पाहिलेलं नाही. हा विषय खरा आहे का? यात पोट भरतं का? आणि एमएस्सी वनस्पतिशास्त्रात करावी की रिमोट सेन्सिंगमध्ये? – एक पालक

उत्तर : विषय खरा आहे. ती चमक तुम्हालाही बघता येईल. मुलीला सांगा, हिरवी पानं कुटून अल्कोहोलमध्ये भिजव, गाळ आणि अंधारात त्या हिरव्या द्रवावर अतिनील टॉर्च धर. द्रव लाल दिसतो. जिवंत पानात असं ठळक दिसत नाही, कारण तिथे हरितद्रव्याने शोषलेल्या उजेडाला काम असतं. काही प्रकाशसंश्लेषणात खर्च होतो, बराचसा उष्णता होऊन जातो आणि जेमतेम 1 ते 2 टक्के तांबड्या व त्यापलीकडच्या उजेडाच्या रूपात परत बाहेर पडतो. हाच तो फ्लुओरेसन्स. अंधारात ठेवलेल्या पानावर एकदम उजेड पाडला की तो आधी वाढतो आणि प्रकाशसंश्लेषण मार्गी लागलं की उतरतो, हे काउट्स्की आणि हिर्श या शास्त्रज्ञांनी 1931 मध्येच दाखवलं होतं.

आता हे आकाशातून कसं दिसणार, ही तुमची शंका रास्त आहे. पानावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशापुढे ही चमक म्हणजे भर दुपारची पणती. पण सूर्याच्या वर्णपटात काही अगदी बारीक काळ्या रेषा असतात, फ्राउनहोफर रेषा. तिथे सूर्याचा उजेड कमी, म्हणून झाडाची चमक त्या रेषा किंचित उजळवते. ती किंचित भर मोजायची. गंमत म्हणजे, जपानचा गोसॅट उपग्रह 2009 मध्ये सोडला तो हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला, आणि 2011 मध्ये त्याच्याच नोंदींतून फ्लुओरेसन्सचे पहिले जागतिक नकाशे निघाले. पुढे अमेरिकेचा ओसीओ-2 उपग्रह आणि युरोपच्या उपग्रहावरचं ट्रोपोमी उपकरण आलं. खास याच कामासाठी आखलेली युरोपची फ्लेक्स मोहीम 300 मीटरपर्यंतचा तपशील देईल अशी रचली आहे. जुन्या गोम-2 उपकरणाचा एक ठिपका 40 बाय 80 किलोमीटरचा असायचा. त्यात शेत, रान, गाव सगळं एकत्र!

एवढा खटाटोप कशाला, हिरवेपणा तर आधीपासूनच मोजतात की! पण हिरवं असणं आणि कामात असणं या दोन गोष्टी आहेत. सूचिपर्णी जंगल कडाक्याच्या थंडीतही हिरवंच दिसतं, प्रकाशसंश्लेषण मात्र जवळजवळ बंद असतं. हिरवेपणाच्या निर्देशांकाला ते कळत नाही, फ्लुओरेसन्स मात्र खाली येतो.

खाचखळगेही आहेत. मंद उजेडात प्रकाशसंश्लेषण वाढलं की चमक घटते. प्रखर उन्हात पान जादा ऊर्जा उष्णतेवाटे सोडू लागलं की दोन्ही एकत्र घटतात. शिवाय खालच्या पानाची तांबडी चमक वरची पानंच पुन्हा शोषून घेतात. त्यामुळे उपग्रहाचा आकडा हा प्रकाशसंश्लेषणाचा आकडा नव्हे. एकातून दुसरा काढण्यासाठी मॉडेल लागतं, आणि जंगलातल्या मनोऱ्यांवर मोजलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या देवाणघेवाणीशी ते ताडून बघावं लागतं.

एमएस्सीबद्दलचं माझं मत यातूनच आलंय : वनस्पतिशास्त्रच करू द्या, त्यातही वनस्पती शरीरक्रियाशास्त्र. उपग्रहाची चित्रं हाताळणारे पुष्कळ तयार होतात. पण आकडा का पडला, ढगामुळे, सूर्याच्या कोनामुळे की पाण्याअभावी पर्णरंध्रं मिटल्यामुळे, हे ओळखणारे थोडे असतात. सोबत तिनं पायथन ही संगणकाची भाषा, संख्याशास्त्र आणि प्रकाशाचं भौतिकशास्त्र शिकायलाच हवं. गणित टाळायचं म्हणून वनस्पतिशास्त्र घेतलं असेल, तर मात्र हा रस्ता तिचा नाही. हे तिला स्पष्ट विचारा.

पोटाचं म्हणाल, तर 'फ्लुओरेसन्स तज्ज्ञ' अशी जाहिरात क्वचितच दिसेल. मूळ संशोधनात राहायचं तर पीएचडी टळत नाही, आणि त्यानंतरची काही वर्षं मुदतीच्या नेमणुकांवर काढावी लागतात. पण क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याचं कसब पिकांचे अंदाज, दुष्काळावरची नजर, जंगलांचा कार्बन हिशेब अशा कामांत चालतं.

निर्णयाआधी एक करा. ओसीओ-2 आणि ट्रोपोमीची माहिती फुकट मिळते. एखाद्या सूचिपर्णी जंगलाचा वर्षभराचा हिरवेपणा आणि फ्लुओरेसन्स तिला एकाच आलेखावर काढू दे. दोन-तीन महिने लागतील, चिडचिडही होईल. मग तो आलेख तिनं आधी तुम्हाला समजावून सांगावा. शंका काढण्यात तुम्ही कच्चे नाही, हे पत्रावरून दिसतंच आहे.