लहान मुलांना रक्ताची गुठळी झाली तर मोठ्यांचंच औषध कमी करून देतात का? मुलांसाठी वेगळं संशोधन झालेलं नाही का?

तुमच्या चार वर्षांच्या पुतण्याच्या मांडीतल्या शिरेत गुठळी सापडली आहे, पोटात सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन चालू आहे, आणि हे किती दिवस चालणार, गोळी का देत नाहीत, असंही तुम्ही खाली विचारलंय. कमी करून देतात का, तर बरीच वर्षं तसंच चाललं होतं, आता अर्धंच खरं आहे. संशोधन झालंय, पण फार उशिरा. आणि उशिराचा बराचसा दोष मी तुमच्या-आमच्यासारख्या नातेवाइकांवर टाकतो. राग आला तर येऊ दे. मी डॉक्टर नाही, लालबागला माझं मेडिकल आहे. पण या विषयावरून आमच्या घरात कोविडच्या आधीपासून वाद चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

ताईच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, नेफ्रॉटिक सिंड्रोम होता, म्हणजे किडनीतून प्रोटीन लघवीवाटे वाहून जाण्याचा आजार. सकाळी उठला की डोळे सुजलेले, लघवीला फेस, प्रेडनिसोलोन दिलं की उतरायचं, गोळी कमी केली की पुन्हा तेच. एका खेपेला वर जुलाब लागले. अंगातलं पाणी गेलं, हाताला शीर मिळेना, म्हणून मांडीतल्या शिरेत लाइन, म्हणजे सलाइनची नळी, टाकली. लाइन काढल्यावर ताईच्या लक्षात आलं की चड्डीचं इलॅस्टिक एकाच मांडीत रुततंय. नेफ्रॉटिकच्या पोराला सूज काही नवीन नाही, पण ती दोन्ही पायांना येते. तिने राउंडवरच्या डॉक्टरांना थांबवून दोन्ही पाय शेजारी-शेजारी दाखवले. डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, झालं आणि गुठळी सापडली.

निरोगी मुलाला सहसा बसल्या जागी गुठळी होत नाही. १९९४ साली कॅनडातल्या, मुलांच्या गुठळ्यांच्या नोंदवहीचे आकडे छापून आले, त्यात देशभरातून १३७ मुलं होती, आणि प्रमाण निघालं दहा हजार मुलांमागे ०.०७. हॉस्पिटलात दाखल झालेल्या मुलांत मात्र तेच दहा हजारांमागे ५.३. म्हणजे आजार, लाइन, कॅन्सर, हृदयाची शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, असं काहीतरी मागे असतं. ही नोंदवही जिने उभी केली ती मॉरीन अँड्र्यू नावाची डॉक्टर. आधी तिने एक साधं काम केलं होतं, जे कुणी नीट केलं नव्हतं: नुकत्याच जन्मलेल्या निरोगी बाळांच्या रक्तात गोठवणारे आणि गोठणं रोखणारे घटक किती असतात, ते वयाप्रमाणे मोजून काढलं. अँटिथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन बाळात मोठ्यांच्या जवळपास निम्मंच निघालं. आता हेपॅरिन, म्हणजे गुठळी वाढू न देणारं इंजेक्शन, एकट्याने काही करत नाही, ते या अँटिथ्रॉम्बिनच्या जिवावर चालतं. आमच्या भाच्यासारखा नेफ्रॉटिक असेल तर हेच प्रथिन लघवीतून वाहून जातं. एकीकडे त्यामुळे गुठळीचा धोका वाढतो, दुसरीकडे तिच्यावरचं औषधही लंगडं पडू शकतं.

म्हणूनच 'मोठ्याला एवढं तर छोट्याला अर्धं' हे गणित इथे बसत नाही. इनॉक्सापॅरिन (हेपॅरिनच्याच कुळातलं इंजेक्शन) साधारण किलोमागे १ मिग्रॅ दर १२ तासांनी देतात, पण दोन महिन्यांखालच्या बाळाला किलोमागे दीड. वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ करायची जुनी गोळी, तर आणखी उलटं: बाळांना किलोमागे साधारण ०.३३ मिग्रॅ लागलं, तर किशोरवयीन मुलांना ०.०९. जीव लहान, पण किलोमागे औषध जास्त. मग इंजेक्शननंतर चार ते सहा तासांनी रक्त काढून अँटी-टेन-ए (औषधाचा रक्तातला असर मोजणारी टेस्ट) बघतात, ०.५ ते १ च्या मध्ये आलं की डोस बरोबर. ही टेस्ट गल्लीतल्या लॅबमध्ये मिळणार नाही, आधी फोन करून विचारा.

आता मुद्द्याचं. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ताई-भावोजींना सरळ सांगितलं की हे औषध, म्हणजे इनॉक्सापॅरिन, लहान मुलांसाठी म्हणून मंजूर झालेलं नाही, पण जगभर हेच देतात. मग एक फॉर्म पुढे केला. मुलाचं वय, वजन, डोस, गुठळी कधी विरघळली, एवढी माहिती नावाशिवाय नोंदवायची, आणि नेहमीचं रक्त काढतील तेव्हाच एक छोटी ट्यूब जास्त. औषध तेच, डोस तोच. भावोजींनी फॉर्म दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि परत दिला. म्हणाले, "आमच्या पोरावर प्रयोग नकोत, साहेब."

मी तिथेच उभा होतो. डॉक्टरांसमोर बोललो नाही, पण खाली चहाला गेलो तेव्हा बोललो. मंजूर नसलेलं औषध अंदाजाने देणं हासुद्धा प्रयोगच आहे, भावोजी. तो चालूच राहणार. तुम्ही फक्त एवढंच केलंत की त्याचा निकाल कुणी लिहून ठेवणार नाही. यावर ते म्हणाले की तुझा मुलगा असता म्हणजे कळलं असतं. असं म्हटल्यावर मामाने काय बोलायचं?

पण पुढचं ऐका. घरी आल्यावर दोन्ही मांड्या टोचून टोचून काळ्यानिळ्या व्हायला लागल्या, पोरगं सुई बघितली की कपाटामागे जाऊन बसायचं. भावोजींचे वडील, अप्पा, हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर ॲसिट्रॉमवर होते, म्हणजे वॉर्फरिनसारख्याच रक्त पातळ करायच्या गोळीवर. तर भावोजींनी मला दुकानात फोन करून विचारलं की अप्पांची गोळी घरात आहेच, ती चतकोर करून दिली तर पोराच्या सुया वाचतील का! हाच माणूस, ज्याला प्रयोग नको होता. मी म्हटलं, अप्पा मेथीची भाजी दोनदा जास्त खाल्ली तर त्यांचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) हलतो, आणि तुम्ही पाच वर्षांच्या पोराला चतकोर गोळी कुठल्या हिशोबाने देताय? त्यांनी फोन ठेवला. अजूनही ते म्हणतात की मी फक्त विचारलं होतं. बरं.

इंजेक्शनवरून आठवलं, आणि तुमच्याकडेही घरी देणार असतील तर एवढा परिच्छेद नक्की वाचा. भाचा तेव्हा १४ किलोचा, डोस १४ मिग्रॅ. इनॉक्सापॅरिनच्या ३ मिलीच्या मल्टिडोस व्हायलमध्ये १ मिलीला १०० मिग्रॅ असतं. इतकं बारीक मोजायला इन्सुलिनची सिरिंज वापरतात: शंभरच्या (१ मिलीला १०० युनिटच्या) सिरिंजवर १ युनिट म्हणजे बरोबर १ मिग्रॅ. गोम अशी की आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंजा दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपणाची चाळीसची, नारिंगी टोपणाची शंभरची. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक चाळीसच्या, म्हणून काउंटरवर नुसतं 'इन्सुलिन सिरिंज द्या' म्हटलं की लाल हातात पडते. ताईला विक्रोळीत तीच मिळाली. मी तिला म्हटलंच होतं की भरायच्या आधी व्हॉट्सॲपवर फोटो टाक. फोटोत लाल टोपण दिसलं तसं मी फोन करून सुई खाली ठेवायला लावली. चाळीसच्या सिरिंजवर १४ ची रेघ म्हणजे ०.३५ मिली, म्हणजे ३५ मिग्रॅ, अडीच पट. दुकान पोऱ्यावर सोडून मी करी रोडला स्लो लोकल पकडली आणि अर्ध्या मिलीच्या नारिंगी सिरिंजांचं पाकीट नेऊन दिलं. अर्ध्या मिलीचीच घ्या, तिच्यावर प्रत्येक रेघ १ युनिटची असते. १ मिलीच्या सिरिंजवर बहुतेक वेळा रेघ २ युनिटची असते आणि झोपेत मोजायला चुकतं. नर्सकडून पहिल्या भरलेल्या सिरिंजवर पेनाने खूण करून घ्या. टोचल्यावर चोळू नका. आणि नवजात बाळ असेल तर मल्टिडोस व्हायल नको, त्यात बेंझाइल अल्कोहोल असतं.

यातलं काहीही पाकिटावर लिहिलेलं नव्हतं, कारण पाकीट मोठ्यांसाठी होतं. हेपॅरिन सापडलं १९१६ मध्ये. मुलांच्या शिरेतल्या गुठळीसाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं मंजूर करणाऱ्या खात्याने, हेपॅरिनच्याच कुळातल्या डाल्टेपॅरिनला मंजुरी दिली २०१९ मध्ये. शंभर वर्षं गेली मध्ये! मधल्या काळात प्रयत्न झाले नाहीत असं नाही. रिव्हाइव्ह नावाची चाचणी मुलंच मिळेनात म्हणून आधीच बंद करावी लागली, २००३ मध्ये तिचे अर्धवट निकाल छापले. किड्स-डॉट नावाची दुसरी, औषध किती दिवस द्यायचं एवढ्या एका प्रश्नासाठी, २००८ मध्ये सुरू झाली आणि ४१७ मुलं जमवायला २०२१ उजाडलं. पाच देशांत मिळून. आजार दुर्मीळ आहे हे एक कारण, औषध कंपन्यांना यात पैसा दिसत नाही हे दुसरं. पण चार घड्या घालून परत आलेले फॉर्म हे तिसरं कारण आहे, आणि तेवढं एकच आपल्या हातात आहे.

ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यामुळे काय झालं तेही बघा. आइनस्टाइन-ज्युनियर चाचणीत ५०० मुलं होती, २०२० मध्ये निकाल आला: वजनाप्रमाणे दिलेलं रिव्हारॉक्साबॅन (रक्त पातळ करणारं, तोंडाने घ्यायचं नवं औषध) नेहमीच्या उपचाराइतकंच चाललं, गुठळी परत आली ती ३३५ पैकी ४ जणांना, नेहमीच्या उपचारात १६५ पैकी ५ जणांना. आणि डोस कसा निघाला? १२ किलोखाली दिवसातून तीनदा, १२ ते ३० किलोला दोनदा, त्यापुढे एकदा. हे कुणाला गोळी चतकोर करून कळलं असतं का? २०२१ मध्ये आधी तसल्याच डबिगाट्रानला आणि मग रिव्हारॉक्साबॅनला अमेरिकेत मुलांसाठी मंजुरी मिळाली, दाणे किंवा पातळ औषधाच्या रूपात. तेव्हा गोळी का नाही, हा तुमचा प्रश्न आज विचारण्यासारखा आहे, फक्त रक्तविकारतज्ज्ञाला विचारा आणि त्याला मुलांचा अनुभव आहे ना ते बघा. सुरुवातीचे काही दिवस इंजेक्शन बहुधा लागतंच.

किती दिवस, याचं उत्तर किड्स-डॉटने दिलंय, थोडंफार. तात्पुरत्या कारणाने झालेली पहिलीच गुठळी असेल तर सहा आठवडे औषध आणि तीन महिने औषध यांत फरक पडला नाही, गुठळी परत येण्याचं प्रमाण दोन्हीकडे १ टक्क्याच्या आतच. पण कॅन्सरची मुलं त्यात नव्हती, आणि सहा आठवड्यांनीही शीर पूर्ण बंदच असलेली मुलंही नव्हती. तुमच्या पुतण्याला कशामुळे झाली ते तुम्ही लिहिलेलंच नाही. ते कळल्याशिवाय आकडा सांगणारा माणूस थापा मारतोय. भाच्याला तीन महिने सांगितले होते, सूज आणि प्रोटीन आटोक्यात येईपर्यंत लांबले. मध्ये सूज उतरली तसं वजनही उतरलं आणि डोस पुन्हा ठरवावा लागला. वजन बदललं की विचारा, तारीख यायची वाट बघू नका. शौच काळी झाली, डोकं फार दुखून उलट्या झाल्या, किंवा डोक्यावर पडला, तर रात्र काढू नका.

भावोजींची भीती अगदीच हवेतून आलेली नाही, हेही लिहायला हवं. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्ममला एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या) लशीच्या प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींच्या फॉर्मवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या घेतल्या होत्या, आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर चांगलंच झोडपलं. त्यामुळे डोळे मिटून सही करा असं मी म्हणत नाही. एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, औषध बदलणार की फक्त नोंद होणार, काही बिघडलं तर खर्च आणि भरपाई कोण देणार, एवढं विचारा. मध्येच बाहेर पडायचा हक्क तुमचाच असतो. सात वर्षांपुढच्या मुलाला त्याचं स्वतःचं मतही विचारावं लागतं. रक्तविकारांवर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था इथेच परळला केईएमच्या आवारात आहे. हे काम दूर परदेशातच चालतं असं समजून कुणी फॉर्म परत करू नये.

ताई हे उत्तर घरच्या ग्रुपवर टाकणार हे मला माहीत आहे. भावोजी, खाली प्रतिक्रिया लिहायची सोय आहे. माझ्यावर काय वाटेल ते लिहा, फक्त अप्पांच्या गोळीचंही लिहा.