पान्याला हात लावायच्या आधी

बाळा,

तुझा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो, नीट बोलणं झालं नाही म्हणून आता बसून लिहितोय. वडिलांच्या जुन्या महिंद्रा पिकअपचं प्यूजो इंजिन काढून तिथं डीआय, म्हणजे महिंद्राचं डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल इंजिन, बसवायचं तुझ्या डोक्यात आहे, आणि अॅक्सिडेंटच्या जीपचं एक इंजिन बघूनही आलायस. इंजिन चांगलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण अजून अॅडव्हान्स दिला नसशील तर देऊ नकोस, आधी हे वाच.

पहिली गोष्ट कागदाची. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीत कंपनीनं दिलेल्या माहितीपेक्षा वेगळं काही होईल असा बदल गाडीत करायचा नाही, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच धरलंय. म्हणजे त्याच मेकचं त्याच टाइपचं इंजिन टाकणं वेगळं आणि दुसरंच इंजिन टाकणं वेगळं. तुझ्या मॉडेलला कंपनीनं डीआय दिलं होतं का हे इंजिन विकत घ्यायच्या आधी आरटीओत जाऊन विचार, लेखी अर्ज कर, बदल झाल्यावर 14 दिवसांत कळवायचं असतं तेही लक्षात ठेव. इंजिन नंबर आरसीवर न चढवता गाडी फिरवलीस आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिला नंबरच बघणार. आणि विकणाऱ्याकडून पक्कं बिल, जुन्या गाडीच्या आरसीची कॉपी, ब्लॉकवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यानं. नंबरावर ग्राइंडर फिरवलेला दिसला की तिथून सरळ निघून यायचं, कितीही स्वस्त असू दे.

परवानगी नाही मिळाली तर वाईट वाटून घेऊ नकोस, तुझंच प्यूजो उतरवून बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोज, पिस्टन फिरवतात तो क्रँकशाफ्ट जाणकाराला दाखव, बऱ्याचदा तेच नीट बांधलं की दहा वर्षं बघायला नको. खरं सांगायचं तर मी असतो तर आधी हेच केलं असतं.

आता समजा परवानगी मिळाली. मग ही दोन इंजिनं स्वभावानं किती वेगळी आहेत ते समजून घे. प्यूजोचा बोअर 94 आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, 90 मिमी, डीआयचा बोअर 88.9 आणि स्ट्रोक 101.6, म्हणजे साडेतीन इंच आणि चार इंच, कारण त्याचं मूळ इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनात आहे. सीसी जवळपास सारखीच, 2498 आणि 2523, पण एक पळणारं आणि एक ओढणारं. प्यूजो 4000 आरपीएमपर्यंत मोकळं फिरतं, डीआयला तिथं नेलंस तर तू त्याच्यावर अन्याय करतोयस. ऊस, गूळ, खताची पोती भरून चढ चढायचा असेल तर डीआयसारखं काही नाही, पण हायवेला जुनाच स्पीड मागशील तर नाही मिळणार.

त्यासाठी एक हिशेब आत्ताच कर. गाडी रोजच्या लोडसकट सपाट जागेवर उभी कर, मागच्या टायरवर आणि खाली फरशीवर खडूनं एक रेघ मार, गाडी ढकलत टायरची एक पूर्ण फेरी होऊ दे, परत रेघ मार आणि टेपनं अंतर मोज. समज 2.3 मीटर आलं. मागच्या अॅक्सलमधलं डिफरन्शियल खोलून त्यातल्या क्राऊन-पिनियन या गिअरजोडीचे दाते मोज, 8-43 असेल तर रेशो 5.38, म्हणजे टॉप गिअर सरळ 1:1 असेल तर 3000 आरपीएमला गाडी ताशी 77 च्या आसपास जाणार. 8-39 टाकलंस, म्हणजे 4.88, तर तेवढ्याच आरपीएमला 85. हा आकडा वडिलांना सांग, त्यांना चालत असेल तरच पुढं जा, कारण गाडी त्यांनाच चालवायचीय.

आणि इंजिन उतरवायच्या आधी वजनकाट्यावर जाऊन फक्त पुढची चाकं चढवून वजन घे, पावती जपून ठेव. बसवल्यावर परत घे. पुढं वजन वाढलं तर पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगांचं, बघावं लागतं, नाहीतर ब्रेक मारला की नाक खाली जातं.

सगळ्यात जास्त जिथं पोरं घाई करतात ते म्हणजे बेल हाऊसिंग, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं क्लचवरचं घंटेसारखं कव्हर. गिअरबॉक्स जुनाच ठेवणार असशील तर मधे दोन्ही जुळवणारी अॅडॅप्टर प्लेट येणार आणि उद्यमनगरात लेथवाला ती सुंदर करून देईल, पण सेंटर, म्हणजे क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आहेत का, ते तूच तपासायचं. मी तुझ्या वयाचा असताना प्लेट बोल्टांवर बसली, हातानं शाफ्ट आत गेला, म्हणून मी समाधान मानलं. तीन महिन्यांत गिऱ्हाईक आंबा घाटातून परत आलं, टॉप गिअर सुटत होता. उतरवून बघितलं तर क्रँकच्या टोकात गिअरबॉक्सचा शाफ्ट धरणाऱ्या स्पिगॉट बेअरिंगचा भुगा झालेला आणि क्लच प्लेटला मधल्या हबजवळ गोल चीर. त्या माणसाचा सीझन माझ्यामुळं वाया गेला, मला ते अजून लागतं.

तेव्हापासून मी असं करतो, तूही कर. फ्लायव्हीलवर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजायचं काट्याचं घड्याळ, बसवायचा, त्याची सुई बेल हाऊसिंगच्या आतल्या गोल भोकाच्या कडेला टेकवायची, हातानं क्रँक हळूहळू पूर्ण एक फेरी फिरवायचा. काटा सगळा मिळून 0.25 मिमीपेक्षा जास्त हलला तर प्लेट परत बसवायची, बरोबर आलं की डॉवेल पिना, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या घट्ट खुंट्या, ठोकायच्या. बोल्ट फक्त आवळायला असतात, जागा धरायचं काम पिनांचं.

माउंटिंगचं थोडक्यात: आधी नुसते टाके मार, पक्कं वेल्डिंग शेवटी. इंजिन-गिअरबॉक्स जोडून चेसिसवर टांग, पुढच्या अॅक्सलनं पाटा पूर्ण दाबला तरी अॅक्सल इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला (सम्पला) लागत नाही ना बघ, फॅन आणि रेडिएटरमधे बोट फिरतं का बघ, गिअरबॉक्सचा आउटपुट आणि डिफरन्शियलचा पिनियन एकमेकांना समांतर ठेव नाहीतर प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस झिजत बसतील. डीआय जास्त थरथरतं, जुने रबर वापरू नकोस. ब्रेकला बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा डबा) असेल तर व्हॅक्यूम पंप चालू आहे का ते गाडी शेडबाहेर काढायच्या आधी तपास, डिझेलला थ्रॉटल नसल्यानं मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळत नाही, आणि हे उतारावर कळलं तर फार उशीर झालेला असतो.

डायल गेज तुझ्याकडं नसणार. माझा घेऊन जा, रविवारी मी शेडवरच असतो. येताना काट्याची पावती आणि टायरचं माप घेऊन ये, आपण रेशो एकत्र ठरवू.

तुझा काका