टोकियोत कापड कुठं बघू?

प्रश्न : ताई, रामबागेत माझं शिवणकाम चालतं. मुलगी नोकरीनिमित्त टोकियोत असते, तिनं आठवडाभरासाठी बोलावलंय. तिथली फॅशन बघायची फार इच्छा आहे. रात्री बाहेर पडावं का? आणि सगळे बघतात त्याहून वेगळं काही आहे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : हाराजुकूची ताकेशिता गल्ली मुलगी दाखवेलच. झालरींचे फ्रॉक, रंगवलेले केस, प्रचंड गर्दी, तासाभरात उरकतं. तुमचा अख्खा दिवस मात्र निप्पोरीसाठी राखून ठेवा. स्टेशनापासून थोडं चाललं की किलोमीटरभर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापड, अस्तर, लेस, बटणं, झिपा. ‘टोमॅटो’ नावाच्या दुकानात मजल्यामागून मजले कापडच आहे. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, म्हणून मधल्या वारी जा. एखाद्या महेश्वरीची कतरण पर्समध्ये असू द्या. रंग जुळवायला भाषा लागत नाही.

किमोनोचं कापड हातात घेऊन बघाच. पन्हा जेमतेम 36 ते 38 सेंटीमीटर, लांबी साधारण 12 मीटर, आणि तेवढ्या एका ताक्यात मोठ्या माणसाचा किमोनो बसतो. सगळे तुकडे सरळ आयताकृती बेततात. मुंढ्याची गोलाई नाहीच, त्यामुळे वाया जवळजवळ काही जात नाही. जादा कापड आत दुमडून शिवतात. पूर्वी धुवायचा म्हणजे किमोनो पूर्ण उसवायचा, तुकडे पुन्हा सलग जोडून धुवायचे, ताणून वाळवायचे आणि परत शिवायचा. शिवणाऱ्या बाईनं हे शिवण उलटून बघितलं पाहिजे. जुने किमोनो बघायला शिमोकिताझावा नि कोएन्जी इथल्या वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांतही डोकवा. मॉलपेक्षा टोकियोची फॅशन मला तिथंच जास्त खरी वाटते.

रात्री जरूर पडा बाहेर. शिंजुकूत गोल्डन गाई म्हणून अरुंद बोळांची वस्ती आहे. दोनशेच्या वर बार, एकेकात सहा-आठ माणसं बसली की भरला. बऱ्याच ठिकाणी बसण्याचे वेगळे पैसे घेतात, ते दारातच विचारा. शेजारच्या काबुकिचोत कुणी ‘या, स्वस्तात आहे’ म्हणून मागे लागलं तर थांबू नका. शेवटची लोकल मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, पुढची पहाटे पाचच्या आसपास. मधे टॅक्सी, आणि ती खिसा रिकामा करते. 2016 पर्यंत तिथं मध्यरात्रीनंतर क्लबात नाचायलाही कायद्यानं बंदी होती! आता परवाना घेतलेल्या क्लबांत रात्रभर चालतं, पण त्यासाठी मुलीला बरोबर न्या.

वेगळं म्हणाल तर मेगुरोचं परजीवी जंतांचं संग्रहालय. 1953 पासूनचं, प्रवेश फुकट. काचेत 8.8 मीटर लांबीचा पट्टकृमी ठेवलाय आणि शेजारी तेवढीच लांब फीत. ती हातानं ओढून मोजता येते. किळस येत असेल तर इचिगाया स्टेशनाजवळचे मासे धरायचे हौद गाठा. ऑफिस सुटलेली माणसं टाय लावून तिथं गळ टाकून बसलेली असतात. सोमवार-मंगळवारी संग्रहालय बंद असतं, तेव्हा ते दिवस टाळा.