जर्मनीचा संघ बघून जर्मनीत यायचं ठरवताय, म्हणून

तुमचा प्रश्न वाचला. म्युनिकजवळ नोकरी मिळते आहे, सोबत पत्नी आणि सात वर्षांची मुलगी येणार. जर्मनीच्या फुटबॉल आणि बास्केटबॉल संघांत इतक्या वेगवेगळ्या वंशांचे खेळाडू आहेत, म्हणजे हा देश मोठ्या मनाचा असणार, असं तुम्हाला वाटतं. पण मग स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या एएफडी या अतिउजव्या पक्षाला एवढी मतं कशी पडतात, आणि आपल्या मुलीला तिथे आपलं मानतील का, असंही तुम्ही विचारलंत. मी बरीच वर्षं पश्चिम जर्मनीतल्या रुह्र या खाणी-कारखान्यांच्या भागात राहते, माझी मुलं इथेच वाढली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी पदकांचा विषय संपवू, कारण जिंकणारा देश म्हणजे थोर देश हा समज याच भूमीवर दोनदा खोटा ठरला आहे. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जर्मनीने ८९ पदकं मिळवली, अमेरिकेने ५६. पदकतक्त्यात जर्मनी सगळ्यांच्या वर होती आणि त्याच वेळी ग्रेटेल बेर्गमान ही उंच उडी मारणारी मुलगी घरी बसवलेली होती. स्पर्धेच्या थोडंच आधी तिने १.६० मीटर उडी मारून राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी केली होती, पण ती ज्यू होती. पुढे पूर्व जर्मनी. लोकसंख्या जेमतेम पावणेदोन कोटी, आणि १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये ४० सुवर्णपदकं, अमेरिकेपेक्षा सहा जास्त. त्यामागे सरकारनेच आखलेला उत्तेजकांचा कार्यक्रम होता. अल्पवयीन मुलींनाही गोळ्या दिल्या जात, आणि त्यातल्या अनेकींनी त्याचे परिणाम पुढे आयुष्यभर सोसले. नागरिकांनी देश सोडून जाऊ नये म्हणून त्या देशाला भिंत बांधावी लागली होती. तेव्हा पदकतक्ता बाजूला ठेवा.

आता संघातल्या चेहऱ्यांकडे या. जर्मनीने फुटबॉलचा विश्वचषक चार वेळा जिंकला. १९५४, १९७४ आणि १९९० चे संघ जवळजवळ पूर्ण गोरे होते. २०१४च्या संघात तुर्की घराण्यातला मेसुत ओझिल होता, ट्युनिशियन वडिलांचा सामी खेदिरा होता, घानाच्या वडिलांचा जेरोम बोआटेंग होता, पोलंडमध्ये जन्मलेले मिरोस्लाव क्लोझे आणि लुकास पोडोल्स्की होते. हा बदल एका रात्रीत झालेला नाही, आणि नुसत्या उदारपणातूनही झालेला नाही. इटलीशी १९५५ मध्ये आणि तुर्कस्तानशी १९६१ मध्ये कामगार आणण्याचे करार झाले. माणसं आली, खाणीत आणि कारखान्यांत राबली, त्यांना मुलं झाली. तरी ही मुलं कायद्याने परकीच राहिली, कारण नागरिकत्व १९१३च्या कायद्यानुसार रक्ताच्या नात्यावरच ठरायचं. १ जानेवारी २००० पासून तो नियम बदलला आणि परदेशी आईवडिलांच्या इथे जन्मलेल्या मुलांना ठरावीक अटींवर जन्मतःच नागरिकत्व मिळू लागलं. त्याच वर्षी युरो या युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेत जर्मनी गटात तळाला राहिली, शेवटच्या सामन्यात पोर्तुगालने ३-० ने हरवलं. त्या धक्क्यानंतर फुटबॉल संघटनेने देशभर प्रशिक्षणाची ३६६ केंद्रं उभी केली आणि बुंडेसलिगा या व्यावसायिक लीगमधल्या क्लबांना युवा अकादमी सक्तीची केली. म्हणजे गल्लीत खेळणारं पोर कुणाचंही असो, त्याच्यापर्यंत कुणीतरी पोहोचू लागलं. २०१४चा चषक मला त्या दोन निर्णयांचा वाटतो, नागरिकत्वाच्या आणि प्रशिक्षणाच्या.

आमच्या भागातल्या गेल्झेनकिर्शेन शहराकडे बघा. कोळशाच्या खाणींवर वाढलेलं गाव. १९३०च्या दशकात तिथल्या शाल्के या फुटबॉल क्लबचे मोठे खेळाडू होते फ्रिट्झ झेपान आणि एर्न्स्ट कुझोरा. त्यांची घराणी पूर्वेकडच्या, आज पोलंडमध्ये असलेल्या मासुरियातून खाणकामासाठी आलेली. बाकीचे लोक तेव्हा शाल्केला पोलंडवाल्यांचा क्लब म्हणून हिणवायचे. आज त्याच दोघांशिवाय जर्मन फुटबॉलचा इतिहास कुणी लिहीत नाही. ओझिल आणि इल्काय गुंडोआनसुद्धा याच शहरात जन्मले, आणि गुंडोआन २०२४च्या युरोमध्ये जर्मनीचा कर्णधार होता.

पण "वेगवेगळ्या वंशांचे लोक आले म्हणून आपण जिंकलो" हे वाक्य कुणी कितीही चांगल्या मनाने म्हटलं तरी मला त्याची भीती वाटते. तसाच मिश्र संघ २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये पहिल्याच फेरीत बाहेर पडला. २०१८ मध्ये ओझिलने तुर्कस्तानच्या अध्यक्षांसोबत फोटो काढला होता. त्यावर टीका करायला जागा होती आणि ती झालीही. पण दक्षिण कोरियाकडून हरल्यावर सगळ्या पराभवाचं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं, आणि टीका फोटोवरून त्याच्या वंशावर गेली. राष्ट्रीय संघ सोडताना तो म्हणाला की जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की स्थलांतरित. स्थलांतरितांची किंमत त्यांच्या उपयोगावरून ठरवली की हेच होतं. ज्याने गोल केला तो आपला, आणि ज्याने पेनल्टी चुकवली तो परका. तुमची मुलगी कदाचित कोणताच खेळ खेळणार नाही. शाळेत मध्यम असेल, साधी नोकरी करेल, कधी आजारी पडेल, कधी बेकार होईल. तेव्हाही ती इथली मानली जाते का, हे बघायला हवं. देश मोठा आहे की नाही हे मी यावरूनच ठरवते.

आणि त्याचं खरं उत्तर, दोन्ही बाजू दाखवून द्यावं असं आहे. २०१६ मध्ये एएफडीचे नेते अलेक्झांडर गाउलांड म्हणाले की बोआटेंग खेळाडू म्हणून लोकांना आवडतो, पण शेजारी म्हणून नको असतो. त्यानंतरच्या सामन्यात प्रेक्षकांनी फलक धरला की जेरोम, आमच्या शेजारी राहायला ये. २०२४ मध्ये एका सार्वजनिक वाहिनीच्या पाहणीत २१ टक्के लोकांनी संघात आणखी गोरे खेळाडू असावेत असं सांगितलं. प्रशिक्षक युलियान नागेल्समान यांनी असा प्रश्न विचारणंच वंशवादी आहे असं उघडपणे म्हटलं. फेब्रुवारी २०२५च्या निवडणुकीत एएफडीला २०.८ टक्के मतं पडली, आधीच्या निवडणुकीच्या दुप्पट. हे सगळे मतदार वंशद्वेषी आहेत असं मी म्हणणार नाही. महागाई, घरभाडी, बंद पडलेले कारखाने, सरकारवरचा राग असं बरंच काही त्यात आहे. पण फेब्रुवारी २०२० मध्ये हानाऊ शहरात एका वंशद्वेष्ट्याने स्थलांतरित कुटुंबांतल्या नऊ माणसांना गोळ्या घालून मारलं, हे मुलांना घेऊन येणाऱ्या माणसाला माहीत असलंच पाहिजे.

मग मी इथे का राहिले? एक कारण युलियुस हिर्श. कार्ल्सरुहचा हा फुटबॉलपटू जर्मनीकडून सात सामने खेळला, १९१२ मध्ये नेदरलँड्सविरुद्ध एकाच सामन्यात चार गोल केले, पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात लढला. १९३३ मध्ये दक्षिणेकडच्या क्लबांनी ज्यू सभासदांना काढायचं ठरवल्याचं वाचून त्याने आपला क्लब स्वतःहून सोडला. १९४३ मध्ये त्याला आउशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत पाठवलं, तिथून तो परतला नाही. आज जर्मन फुटबॉल संघटना वंशद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्यांना त्याच्या नावाने पुरस्कार देते, २००५ पासून. ही जाग यायला साठ वर्षं लागली, हे खरंच. तरीही आपल्या हातून घडलेलं पाप शाळेच्या पुस्तकात, रस्त्यावर, मैदानावर नावानिशी मांडणारे देश मी फार पाहिलेले नाहीत. १९४९च्या राज्यघटनेत माणसाची प्रतिष्ठा पहिल्याच कलमात आहे आणि वंश, भाषा, मूळ यावरून भेद करायचा नाही हे तिसऱ्या कलमात. भेदभाव झाला तर २००६च्या समान वागणूक कायद्याखाली दाद मागता येते. मुदत मात्र दोन महिन्यांचीच, ती लक्षात ठेवा.

दुसरं कारण म्हणजे इथले खेळाचे क्लब, ज्यांना इथे फेराइन म्हणतात. देशात सुमारे ८६ हजार आहेत आणि बहुतेक सगळे स्वयंसेवकांवर चालतात. शनिवारी सकाळी कुणाची आई वेळ नोंदवते, कुणाचे वडील मुलांना गाडीतून सामन्याला नेतात. माझ्या मुलीच्या हँडबॉल सामन्यात समोरच्या गटातल्या एका माणसाने तिच्या रंगावरून शेरा मारला होता. प्रशिक्षिकेने तिथल्या तिथे खेळ थांबवायला लावला, पंचाने त्या माणसाला हॉलबाहेर काढलं आणि मगच सामना पुढे सुरू झाला. शेरा मारणारा जर्मन होता आणि त्याला बाहेर काढणारेही जर्मनच होते. डेनिस श्रोडरच्या नेतृत्वाखाली बास्केटबॉल संघ २०२३ मध्ये जगज्जेता झाला तेव्हा मला आनंद झाला, पण माझा भरवसा त्या प्रशिक्षिकेसारख्या माणसांवर आहे.

आता तुमच्या कामाचं. सगळ्यात जास्त लक्ष शाळेकडे द्या. बव्हेरियात चौथीनंतर मुलांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली आली तर गिम्नाझियमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेची, वाट सरळ मोकळी होते. इथे १ ही सगळ्यात चांगली श्रेणी असते. तुमच्या मुलीकडे त्यासाठी जेमतेम अडीच-तीन वर्षं असतील, तीही नव्या भाषेत. २००१च्या डिसेंबरात पिसा या शालेय मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले तेव्हा जर्मनीत मुलाचं यश घरच्या परिस्थितीवर किती अवलंबून आहे हे सगळ्यांसमोर आलं. तेव्हापासून सुधारणा झाल्या, पण ती गाठ सुटलेली नाही. शिक्षक कमी दर्जाच्या शाळेची शिफारस करत असतील तर गप्प बसू नका, वेळ मागून भेटा, कारण विचारा. मुलीची जर्मन आत्ताच सुरू करा, आणि तुमची दोघांचीही.

घर शोधताना त्रास होईल. २०१७ मध्ये दोन माध्यमसंस्थांनी वेगवेगळ्या नावांनी २० हजार चौकश्या पाठवून पाहिल्या, तर तुर्की आणि अरबी नावांना घर बघायचं बोलावणं कमी वेळा आलं. म्युनिकमध्ये घरांची टंचाई असल्यामुळे हे आणखी जाणवतं. कंपनीकडून सुरुवातीच्या काही महिन्यांचं घर मागून घ्या.

नागरिकत्वासाठी जून २०२४ पासून पाच वर्षांचं वास्तव्य पुरतं, पूर्वी आठ लागायची. बी-१ म्हणजे मध्यम पातळीची जर्मन, ३३ पैकी किमान १७ उत्तरं बरोबर यावी लागणारी नागरिकत्वाची परीक्षा, स्वतःच्या कमाईवर घर चालणं आणि प्रौढाला २५५ युरो शुल्क. जर्मनी आता दुसरं नागरिकत्व चालवून घेते, भारत घेत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठी असलेलं ओसीआय कार्ड घ्यावं लागेल. २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९२ हजार लोक जर्मन नागरिक झाले. एएफडीची मतं वाढत असतानाच हेही घडतं आहे.

माझं मत विचाराल तर या. बव्हेरियात शाळा सप्टेंबरच्या मध्यात सुरू होते, त्याआधी महिना-दोन महिने पोहोचलात तर मुलीला क्लबात घालता येईल. बहुतेक क्लब सुरुवातीचे काही सराव फुकट करू देतात. शाळा उघडेपर्यंत तिला दोन-चार मैत्रिणी झालेल्या असतील. तिला कोणता खेळ आवडतो आणि घर कुठल्या भागात बघताय ते कळवा, म्हणजे क्लब कसा शोधायचा आणि अर्ज कसा भरायचा ते लिहिते.