प्रवर समिती, चिकित्सा समिती की निवड समिती?

एका वाचकाने असे विचारले आहे: "लोकसभेने एखादे विधेयक ज्या समितीकडे पाठवले, तिला एका वृत्तपत्रात 'प्रवर समिती' म्हटलेले असते, दुसऱ्यात 'चिकित्सा समिती' आणि तिसऱ्यात चक्क 'निवड समिती'. ह्या तीन निराळ्या समित्या आहेत की एकाच समितीची तीन नावे? त्यांतले मराठीत कोणते वापरावे? आणि 'समिती' ह्या शब्दातली 'ती' नेहमी दीर्घच लिहायची का?"

समिती एकच आहे. इंग्रजीत जिला 'सिलेक्ट कमिटी' म्हणतात तिचीच ही तीन नावे आहेत. मात्र तिन्हींची योग्यता सारखी नाही. 'प्रवर' हा शब्द ती समिती कशी घडते ते सांगतो, 'चिकित्सा' हा शब्द ती काय करते ते सांगतो, आणि 'निवड' हा शब्द ती जे करतच नाही ते तिच्या माथी मारतो. म्हणून आधी त्या तिसऱ्या शब्दाचाच निकाल लावतो.

'निवड समिती' हा मराठीत रुळलेला शब्द आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. क्रिकेटचा संघ निवडते ती निवड समिती, नोकरीसाठी उमेदवारांच्या मुलाखती घेते ती निवड समिती. मराठी कान ह्या समासाचा विग्रह 'निवडीसाठी नेमलेली समिती' असाच करतो. इंग्रजी नावातले 'सिलेक्ट' हे मात्र क्रियापद नसून विशेषण आहे. ही समिती कोणाला निवडत नाही, ती स्वतःच निवडून काढलेली असते. घोटाळा इथेच संपत नाही, कारण आपल्या कायद्यांत खरोखरीच्या निवड समित्याही आहेत. २०१३ च्या लोकपाल कायद्यात लोकपालाच्या नेमणुकीची शिफारस करणारी निवड समिती आहे, आणि मुख्य निवडणूक आयुक्त व अन्य निवडणूक आयुक्त यांच्या नेमणुकीविषयीच्या २०२३ च्या कायद्यात पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि एक केंद्रीय मंत्री यांची निवड समिती आहे. 'विधेयक निवड समितीकडे पाठवले' असे वाक्य वाचून त्या विधेयकाचा कोणा अधिकाऱ्याच्या नेमणुकीशी संबंध असावा असे एखाद्याला वाटले, तर दोष वाचणाऱ्याचा नाही. हा शब्द ह्या अर्थाने वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

'सिलेक्ट' हे विशेषण मुळात का लागले, हे कळले की 'प्रवर'ची निवड उलगडते. ब्रिटिश संसदेत सगळे सभागृहच समितीच्या रूपाने बसून विधेयकावर विचार करी आणि आजही काही प्रसंगी करते. ती 'संपूर्ण सभागृहाची समिती'. तिच्याहून वेगळी, सभागृहातून मोजके सदस्य वेचून केलेली, ती 'सिलेक्ट'. हा विरोध ध्यानात घेऊन हिंदी आणि संस्कृत परिभाषाकारांनी 'प्रवर' हा शब्द योजला. 'प्र' हा उपसर्ग आणि 'निवडणे, पसंत करणे' ह्या अर्थाचा 'वृ' हा धातू. वधूने पसंत केलेला तो 'वर', तिने स्वतः केलेली निवड ते 'स्वयंवर', ही सगळी त्याच धातूची लेकरे. मराठी घरांत 'प्रवर' हा शब्द ऐकू येतो तो गोत्राच्या जोडीने: काश्यप गोत्राचे कश्यप, अवत्सार आणि नैध्रुव हे तीन ऋषी म्हणजे त्या गोत्राचे प्रवर. यज्ञाच्या वेळी पूर्वज ऋषींची नावे घेऊन जे वरण करायचे त्यावरून तो अर्थ आला. तेव्हा व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिले तर 'प्रवर समिती' हा अगदी नेमका शब्द आहे, आणि त्याचा विग्रह 'प्रवर अशी समिती' असा कर्मधारय होतो.

पण व्युत्पत्ती बरोबर असली म्हणजे शब्द बोलका असतोच असे नाही. 'प्रवर' म्हणजे 'श्रेष्ठ, वरचा' हा अर्थ कालांतराने बळावला. टपाल खात्यातले 'प्रवर अधीक्षक' म्हणजे वरिष्ठ अधीक्षक. त्यामुळे 'प्रवर समिती' म्हणजे इतर समित्यांच्या वरची कोणती तरी समिती, असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. ही समिती कोणाच्या वर नाही. एका विधेयकापुरती ती जन्माला येते आणि अहवाल दिला की तिचे काम संपते. एका ठिकाणी मला 'प्रवर्ग समिती' असेही छापलेले आढळले. 'प्रवर्ग' म्हणजे गट किंवा वर्ग, आणि 'प्रवर'शी त्याचे काहीच नाते नाही. लिहिणाऱ्याला शब्दाचा अर्थ पोचला नव्हता, म्हणून त्याने ध्वनीने जवळचा आणि ओळखीचा शब्द उचलला. परिभाषा दुर्बोध राहिली की हे असे होते.

आता 'चिकित्सा'. हा शब्द मला मनापासून आवडतो, कारण ह्या अर्थाने तो खास मराठी आहे. हिंदी वाचकाला 'चिकित्सा समिति' म्हटले तर त्याच्या डोळ्यांपुढे डॉक्टर उभे राहतील. हिंदीत चिकित्सा म्हणजे उपचार, आणि 'जिल्हा शल्यचिकित्सक' ह्या पदनामात मराठीनेही तो अर्थ ठेवला आहे. परंतु मराठीने त्याच शब्दाला दुसरी वाट दिली. 'चिकित्सक वृत्ती', 'पाठचिकित्सा', भांडारकर संस्थेने केलेली महाभारताची 'चिकित्सित आवृत्ती' ह्या सर्व ठिकाणी चिकित्सा म्हणजे बारकाईने, शंका घेत घेत केलेली तपासणी. हा अर्थ हवेतून आलेला नाही. पाणिनीच्या व्याकरणात 'कित्' धातूला 'सन्' प्रत्यय लागून 'चिकित्सा' हे रूप होते, आणि त्या रूपाचा मुख्य अर्थ रोगावर उपाय करणे हा असला तरी संशयाचा अर्थही वैयाकरणांनी नोंदवला आहे. संस्कृतात 'विचिकित्सा' म्हणजे संशयच. शंका घेऊन पाहणे आणि दोष सापडला तर त्यावर उपाय सुचवणे, हे दोन्ही अर्थ एका शब्दात सामावलेले आहेत, आणि विधेयकावरच्या समितीचे काम नेमके ह्या दोहोंचे मिळून बनते.

हे काम कसे चालते ते थोडे तपशिलात पाहू, कारण शब्दाचा कस तिथे लागतो. लोकसभेत विधेयक मांडले गेल्यावर मंत्र्यापुढे काही पर्याय असतात: ते लगेच विचारात घ्यावे, लोकमत अजमावण्यासाठी प्रसृत करावे, सभागृहाच्या प्रवर समितीकडे पाठवावे, किंवा राज्यसभेच्या सहमतीने दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवावे. समितीकडे पाठवण्याच्या प्रस्तावातच सदस्यांची नावे असतात किंवा ती ठरवण्याचे काम लोकसभेच्या अध्यक्षांवर सोपवलेले असते. 'प्रवर'मधले 'वरण' ते हेच. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. गणपूर्तीसाठी, म्हणजे बैठक चालू शकण्यासाठी, एक तृतीयांश सदस्य लागतात, आणि मते समसमान झाली तर समितीच्या अध्यक्षांना निर्णायक मत असते. व्यक्तींना साक्षीसाठी बोलावण्याचा, कागदपत्रे व अभिलेख मागवण्याचा आणि साक्षीदाराला शपथ देण्याचा अधिकार समितीला आहे. फक्त एखादा दस्तऐवज उघड झाल्याने राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाध येईल असे कारण देऊन सरकार तो देण्याचे नाकारू शकते. समितीचा आदेश साक्षीदाराने धुडकावला तर त्याला मराठीत जो शब्द आहे तो 'हक्कभंग', आणि तो आपल्याकडे रुळलेला इतका सहज शब्द आहे की 'विशेषाधिकार भंग' त्यापुढे ओढूनताणून आणलेला वाटतो.

साक्षी झाल्या की समिती विधेयकाचा 'खंडशः' विचार करते. इथला 'खंड' शब्द जपून वापरण्याजोगा आहे. विधेयकात असतो तो 'खंड', आणि विधेयकाचा अधिनियम झाला की त्याच मजकुराचे होते 'कलम'. त्यामुळे 'समितीने विधेयकाचे पाचवे कलम बदलले' हे वाक्य परिभाषेच्या दृष्टीने चूक आहे. बदल किती बारीक असू शकतो त्याचा एक नमुना पाहा. 'राज्य शासन नियम करील' असे विधेयकात असेल तर नियम करणे शासनावर बंधनकारक आहे. त्याऐवजी 'राज्य शासनास नियम करता येतील' असे लिहिले तर ती फक्त मुभा झाली. 'करील' आणि 'करता येतील' ह्या दोन क्रियापदांच्या फरकात नागरिकाचा हक्क किंवा शासनाचे कर्तव्य असते किंवा नसते, आणि हा फरक पाहून बोट ठेवणे हे सभागृहातल्या गलबल्यात जमण्यासारखे काम नाही. ते चार भिंतींआड, मजकूर समोर ठेवूनच होते.

महाराष्ट्रातले एक उदाहरण ताजे आहे. जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे गेले आणि जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत संमत झाले. समितीत झालेला सर्वांत चर्चेतला बदल शब्दांचाच होता: विधेयकाच्या दीर्घ नावात 'व्यक्ती आणि संघटना' असा जो व्यापक उल्लेख होता, तो कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांपुरता करण्यात आला. तो बदल पुरेसा होता की नव्हता, ह्यावर मतभेद झाले आणि ते होणे योग्यच आहे. विशेषतः 'तत्सम' ह्या शब्दाची व्याप्ती कोण ठरवणार, हा प्रश्न उरतोच. पण शब्दांवर अशी नजर ठेवण्याला मराठीत 'चिकित्सा' म्हणतात, आणि त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये शक्ती विधेयक समितीकडे गेले तेव्हाही मराठी बातम्यांत हाच शब्द होता. महाराष्ट्राने तो आपला केला आहे.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. विधेयक समितीकडे पाठवणे म्हणजे त्यामागचे तत्त्व सभागृहाने मान्य केले आहे, असा संसदीय संकेत आहे. त्यामुळे समिती तपशील बदलू शकते, पण विधेयकाचा गाभा काढून घेऊ शकत नाही. जे सदस्य गाभ्याशीच असहमत असतात, ते अहवालाला 'भिन्नमतपत्रिका' जोडतात. अहवाल ही शिफारस आहे, आदेश नव्हे. तरी तिचे वजन कमी समजू नये: फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेले आयकर विधेयक लोकसभेच्या ३१ सदस्यांच्या प्रवर समितीकडे गेले, समितीने जुलैत अहवाल दिला, आणि ऑगस्टमध्ये सरकारने मूळ विधेयक मागे घेऊन समितीच्या बहुतेक सूचना सामावणारे नवे विधेयक आणले. (धन विधेयकासाठी, म्हणजे कर, सरकारी खर्च अशाच विषयांपुरत्या विधेयकासाठी, संयुक्त समिती करता येत नाही, हा नियमही जाता जाता लक्षात ठेवावा.)

'जेपीसी' ह्या आद्याक्षरांनी मराठी बातम्यांत आणखी एक सरमिसळ केली आहे. बोफोर्स प्रकरणी १९८७ मध्ये, रोखे घोटाळ्याविषयी १९९२ मध्ये आणि टूजी प्रकरणी २०११ मध्ये ज्या संयुक्त संसदीय समित्या नेमल्या गेल्या, त्यांच्यापुढे विधेयक नव्हते, व्यवहार होता. त्यांना 'चिकित्सा समिती' म्हणू नये. त्यांच्यासाठी 'चौकशी' हा शब्द आपल्याकडे तयार आहे. तसेच १९९३ पासून संसदेत विभागांशी संबंधित स्थायी समित्या आहेत. आरंभी त्या १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत, आणि विधेयके त्यांच्याकडेही जातात. त्यांचा उल्लेख करताना 'संसदेची स्थायी समिती' असे पूर्ण लिहावे, कारण नुसते 'स्थायी समिती' म्हटले की मराठी वाचकाला महानगरपालिकेची, खर्चाला मंजुरी देणारी समिती आठवते.

ब्रिटनविषयी लिहिताना तर वेगळीच काळजी हवी. तिथल्या कॉमन्स सभागृहात १९७९ पासून ज्या विभागवार 'सिलेक्ट' समित्या आहेत, त्या प्रामुख्याने मंत्रालयांच्या कारभाराची झडती घेतात, साक्षी बहुधा खुल्या बैठकीत ऐकतात, आणि त्यांच्या अहवालावर सरकारने दोन महिन्यांत उत्तर द्यावे अशी रीत आहे. विधेयकांसाठी तिथे निराळ्या समित्या असतात. म्हणजे तिथली 'सिलेक्ट कमिटी' कामाने आपल्या संसदीय स्थायी समितीच्या जवळची आहे, आपल्या प्रवर समितीच्या नव्हे. इंग्रजी नाव एक म्हणून मराठी शब्दही एकच वापरला तर अर्थ फसतो. त्या समित्यांना मी 'कॉमन्सची आरोग्यविषयक समिती', 'कॉमन्सची गृहविषयक समिती' असे विषयाच्या नावानेच म्हणतो.

तेव्हा माझी रीत अशी: लोकसभा आणि राज्यसभा यांच्या समितीचे अधिकृत नाव द्यायचे असेल तेव्हा 'प्रवर समिती' लिहावे आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी 'विधेयकाची चिकित्सा करणारी' अशी जोड द्यावी. महाराष्ट्र विधिमंडळाच्या संदर्भात 'चिकित्सा समिती' किंवा 'संयुक्त चिकित्सा समिती' बिनदिक्कत लिहावे. समिती अहवाल 'सादर' करते. संयुक्त समितीचा अहवाल दुसऱ्या सभागृहात 'पटलावर ठेवला' जातो. ही दोन क्रियापदेही एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

राहिला ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न. संस्कृतात आणि हिंदीत 'समिति' असले तरी मराठीत तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या, शब्दाचा अन्त्य इकार दीर्घ लिहायचा, म्हणून 'समिती'. पण हाच शब्द समासाचे पूर्वपद झाला की मुळातला ऱ्हस्व परत येतो: 'समितिसदस्य', 'समितिकक्ष'. 'समितीचा', 'समितीकडे' ह्यांत समास नसून विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय आहे, त्यामुळे तिथे दीर्घच राहते. आणि ह्या आधीच्या वाक्यातला 'विभक्तिप्रत्यय'ही त्याच नियमाने ऱ्हस्व झाला आहे.