ताम्हिणी घाटात रेंज नसताना मोबाइलवर जीपीएस चालेल का?

पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला निघालाय, घाटात रेंज जाते, तर मोबाइलवरचा रस्ता मध्येच बंद पडेल का आणि आधी काय सेट करावं, असं तुम्ही विचारलंय.

जीपीएसला सिमकार्ड लागतच नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह सिग्नल पाठवत असतात, फोन ते नुसते ऐकतो. किमान चार उपग्रह सापडले की तुम्ही कुठे आहात ते त्याला कळतं. नेट लागतं ते नकाशासाठी. म्हणून तर घाटात पुष्कळांच्या कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा एकटाच सरकत असतो.

तेव्हा नकाशा घरीच वायफायवर उतरवून घ्या. गूगल मॅप्समध्ये वर उजवीकडे आपल्या फोटोवर टॅप करा, 'ऑफलाइन मॅप्स'मध्ये जा आणि 'सिलेक्ट युवर ओन मॅप' निवडा. चौकट येईल, तिच्यात पुण्यापासून श्रीवर्धनपर्यंतचा सगळा पट्टा बसवा. नुसता घाट घेऊन भागत नाही, माणगाव-म्हसळाही त्यात हवं. मॅप्सला 'प्रिसाइज लोकेशन'ची परवानगी द्या आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा. काही फोनांत पडदा विझला की हा सेव्हर लोकेशनही थांबवतो. झालं की विमान मोड लावून दिवेआगरचा रस्ता शोधून बघा. दिसला तर काम फत्ते.

निघताना मात्र नॅव्हिगेशन सोसायटीच्या गेटातच सुरू करा. नेट असलं की फोन उपग्रहांची ताजी माहिती तिथून पटकन उचलतो. नसलं तर तीच माहिती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, तीही सेकंदाला ५० बिट या गोगलगायीच्या वेगाने. त्यात दरी आणि दाट झाडी असली तर बसा वाट बघत.

ऑफलाइनमध्ये ट्रॅफिक कळत नाही. पावसाळ्यात दरड येऊन रस्ता बंद झाला असेल तर तेही नकाशाला ठाऊक नसतं, त्यासाठी पौडला चहाला थांबाल तेव्हा कोकणातून वर आलेल्या एखाद्या गाडीवाल्याला विचारा. आणि वाटेत अंधारबनला चालायचा बेत असेल तर गूगलचा ऑफलाइन नकाशा पायी जाण्याचा रस्ता दाखवत नाही. ऑरगॅनिक मॅप्स घ्या, फुकट आहे, महाराष्ट्राचा नकाशा त्यात आधीच उतरवून ठेवता येतो.