साध्या शाळेत घालू की विशेष शाळेत?

जून जवळ आला की कोल्हापुरातील माझ्या समुपदेशन कक्षात दिव्यांग मुलांच्या पालकांकडून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. विचारणारे पालक बहुतेक वेळा उत्तर घरीच ठरवून आलेले असतात आणि त्यांना माझ्याकडून केवळ दुजोरा हवा असतो.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका कुटुंबाविषयी लिहिते. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत, फाउंड्रीमध्ये सुपरवायझर. मुलगी तिसरीत, दोन्ही कानांचा श्रवणऱ्हास ७० डेसिबलहून अधिक आणि श्रवणयंत्र बरेच उशिरा मिळालेले. आईला विशेष शाळा हवी होती, वडील मात्र ठाम होते. "एकदा तिथं घातली की पोरीवर शिक्का बसला, मॅडम. आता कशी, चार पोरांसारखी जाते." पुरावा म्हणून त्यांनी तिच्या वह्या आणल्या होत्या. अक्षर सुरेख होते आणि फळ्यावरची एकही ओळ गाळलेली नव्हती. त्यातील एका धड्यात काय आहे, असे मी मुलीला शब्दांनी आणि खुणांनी विचारले, तेव्हा तिने वहीच माझ्यापुढे सरकवली.

"वर्गात ही कोणाशी बोलते?" मी वडिलांना विचारले.

"बाईंची काही तक्रार नाही. शांत बसते म्हणतात."

"आणि घरी?"

उत्तर आईने दिले. "घरी? धाकट्या भावाशी दिवसभर भांडण. रिमोटवरनं, खाऊवरनं, कशावरनंही."

वडील हसले आणि हसता हसता थांबले. अशा वेळी समुपदेशकाने बोलायचे नसते, एवढे मला अनुभवाने समजले आहे. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "म्हणजे शाळेत तिला भांडायलासुद्धा कोण नाही."

अनेक भेटींतून जे साधले नव्हते, ते या वाक्याने साधले. मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्या विचाराची आहे. मुलाची पहिली धडपड गटात आपले स्थान मिळवण्याची असते आणि अभ्यास त्या स्थानावर उभा राहतो, असे मी मानते. म्हणून शाळा पाहायला जाणाऱ्या पालकांना मी मुख्याध्यापकांच्या खोलीत नव्हे, तर मधल्या सुट्टीत मैदानावर उभे राहायला सांगते. आपल्या मुलासारखे मूल तिथे कोणाबरोबर डबा खाते, रुसते, भांडते, हे दहा मिनिटांत दिसते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या या शहरातही मूल पटावर आहे एवढ्यावर समाधान मानणारे पालक आणि शिक्षक मला रोज भेटतात.

माझा कल समावेशनाकडेच, म्हणजे दिव्यांग मुलांनी साध्या शाळेत इतरांबरोबर शिकावे याकडेच आहे, हे लपवत नाही. ज्या मुलाला केवळ पायऱ्यांऐवजी उतार आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह हवे आहे, त्याला विशेष शाळेत पाठवण्याचे काहीही कारण नाही. तिथे बदलायचे ते शाळेने. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शासनमान्य शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभावाविना प्रवेश देणे आणि त्यांच्या गरजेप्रमाणे सोयी करणे अपेक्षित आहे. परंतु ज्या बालकाला अजून कोणतीच भाषा पुरती आलेली नाही, त्याला गजबजलेल्या वर्गात, फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या शिक्षकासमोर बसवणे याला मी समावेशन म्हणत नाही. यंत्र आवाज मोठा करते, तो पंख्याचा आणि बाकांचाही. शब्द स्पष्ट होतीलच असे नाही. पहिल्या बाकावरची जागा आणि शिक्षकांनी समोर पाहून बोलणे, हे आम्ही आधी करून पाहिले. तेवढ्याने भागले नाही.

त्याच अधिनियमाचे कलम ३१ मी वडिलांना वाचून दाखवले. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या बालकाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि निवड त्या बालकाची आहे. "बालकाची?" त्यांनी पुन्हा विचारले, आणि पुढच्या आठवड्यात सुट्टी काढून ते मुलीला कर्णबधिर मुलांची शाळा दाखवायला स्वतः घेऊन गेले. तिने परत निघायला नकार दिला, असे आईने फोनवर सांगितले.

आता ती तिथेच शिकते, आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुलांत खेळते. संध्याकाळच्या या खेळाची अट माझी होती. आठवीत साध्या शाळेत परत आणता येईल का, असे वडील अलीकडे विचारू लागले आहेत. येईल. त्यापूर्वी ती एक पान स्वतः वाचून त्यातील आशय खुणांनी वा लिहून सांगते का, हे पाहावे, आणि नव्या शाळेत विशेष शिक्षक आठवड्यातून किती वेळा येतात, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावे, असे मी त्यांना सांगितले आहे.